सोळा हुकांची पडवी

"हे हुक ना, हे बत्त्या टांगायचे," काशीराम म्हणाला. "लाइट गेली की आम्ही गॅसबत्त्या लावायचो. सोळा हुक, सोळा बत्त्या."

त्याने हे इतक्या ठामपणे सांगितलं की बरोबरची सगळी मंडळी माना वर करून वाशांकडे बघत राहिली. त्यांतल्या एकाने तर वहीत लिहूनही घेतलं. मथुराबाई दारातच उभ्या होत्या. शब्द ओठांपर्यंत आले होते, पण काशीराम बोलत असताना मध्ये बोलायची त्यांना सवय नव्हती. तो मशीनच्या खोलीतला ऑपरेटर, त्या बायकांच्या दरवाजावरच्या डोअरकीपर. मनोहर टॉकीज चालू होतं तेव्हा ही उतरंड सगळ्यांना पाठ होती, आणि बंद पडून चार वर्षं झाली तरी ती काही मोडली नव्हती.

ईशा नावाची ती आर्किटेक्ट मुलगी घडीच्या शिडीवर चढली. मूळची देवरूखची, शिकलेली पुण्यात. तिने एका हुकाच्या आतून बोट फिरवलं. "किती गुळगुळीत झालंय हे आतून!"

"जुनं लोखंड ओ मॅडम," काशीराम म्हणाला. "तेव्हाचं लोखंडच तसं होतं."

खाली उतरून तिने तिकिटाच्या खिडकीच्या फळीवर नकाशा पसरला. रत्नागिरीत लोकरंजनाचं संग्रहालय होणार होतं. नमन-खेळ्यांतले मुखवटे, सिनेमाची पोस्टरं, रेडिओ, ग्रामोफोनच्या तबकड्या, बँडवाल्यांचे लाल कोट, सर्कशीच्या जाहिराती. ज्याला माणसं हसली, रडली आणि ज्याच्यापायी घरी मारही खाल्ला, ते सगळं एका छपराखाली. शिवाय टॉकीजच्या आळीत नाटकाच्या तालमींची खोली होती, जुना छापखाना होता, बँडवाल्याचं दुकान होतं. या सगळ्याला मिळून आता 'कलाआळी' म्हणायचं ठरलं होतं. भागोजीशेट नावाचे हॉटेलवाले त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष. टॉकीजमध्ये काम केलेल्या जुन्या माणसांना त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

मथुराबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. नकाशावरची अक्षरं त्यांनी बोट न लावता, डोळ्यांनीच वाचली. मुख्य प्रवेश. पडदा. मशीन खोली. मग इमारतीच्या उत्तरेच्या अंगाला त्यांची नजर गेली. तिथे तुटक तुटक रेघा होत्या आणि मध्ये लिहिलं होतं, वाहनतळ.

"आणि ही पडवी?" त्यांनी विचारलं.

"ही नंतर जोडलेली आहे ना आजी, मूळ बांधकामातली नाही," ईशा म्हणाली. "काढून टाकायची आहे. गाड्यांना जागाच नाही इथे. पुढच्या रविवारी सभा आहे, तुम्ही सगळ्यांनी यायचं. तिथे मान्यता मिळाली की झालं."

"बरं," मथुराबाई म्हणाल्या.

काशीरामचा काही दोष नव्हता. तो खोटं बोलत नव्हता, अंदाज सांगत होता. त्या पडवीपासून वीस पावलांवर त्याने आयुष्य काढलं, पण टॉकीज चालू असताना त्याचं पाऊल कधी आत पडलं नाही. कुठल्याच पुरुषाचं पडलं नाही. बायकांची पडवी ती. राजिवड्याच्या, मिरकरवाड्याच्या बायका घोळक्याने यायच्या, बुरखा काढून हाताच्या घडीवर टाकायच्या, घाम पुसायच्या. पेठकिल्ल्याच्या भंडारणी, शाळेतल्या बाई, पावसहून एस.टी.ने आलेल्या जावाजावा. कुणी पोराला पाजायला बसे, कुणी वेणी सोडून परत घाली. दाराला जाड तपकिरी पडदा होता. खुद्द मालक, गनीशेट, त्यांनाही काही सांगायचं असलं तर ते बाहेरूनच खाकरायचे आणि विचारायचे, "मथुराबाय, पडदा?"

त्यामुळे आता ती सोळा हुकांची गोष्ट पुरुषांपैकी कुणालाच माहीत नव्हती, आणि बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

*

मथुराबाईंचा नवरा लाँचवर खलाशी होता. एका चैत्रात तो तापाने गेला, तेव्हा संदेश चार महिन्यांचा. सासर म्हणालं, तुझं तू बघ. माहेर म्हणालं, ये, पण कायमची नको. गनीशेटच्या घरी त्यांची सासू भांडी घासायची. तेवढ्या ओळखीवर बायकांच्या दरवाजाची नोकरी मिळाली. चौसष्ट साल होतं. सिनेमात नोकरी करते म्हटल्यावर भावाने वर्षभर बोलणं टाकलं होतं.

पोराला ठेवायचं कुठे? पहिल्या दिवशी त्यांनी जुन्या लुगड्याची झोळी केली, पडवीच्या कोपऱ्यातल्या वाशाला सुंभाने बांधली आणि पोराला आत निजवून वर ओढणीसारखा पदर टाकला. तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी तीनच्या खेळाला, आत हिरॉईन मरत असताना, संदेशने जे भोकाड पसरलं ते थेट बाल्कनीत ऐकू गेलं. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या सुरू झाल्या.

बाहेर गनीशेट खाकरले. "मथुराबाय, पोर कुनाचा?"

"माझा हाय, शेट." नोकरी गेली, हे त्या धरूनच चालल्या.

पडद्याआडून सुंभाची करकर बाहेर ऐकू जात होती. मग गनीशेट म्हणाले, "सुंभ तुटंल. वाशाला काचतो तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बायका यायच्या आधी, गलबतांचं लोखंडकाम करणारा मिरकरवाड्याचा लोहार आला आणि त्याने वाशांत चार हुक ठोकले. गलबताच्या दोराला लावतात तसले जाड, वाकवलेले. एक संदेशला, तीन दुसऱ्या कुणाला लागले तर. दोन महिन्यांत चार पुरेनात. आठ झाले, मग सोळा. पोर निजवायची सोय आहे हे कळल्यावर ज्या बायका बाळंतपणानंतर वर्ष वर्ष घराबाहेर पडत नसत, त्या तीनच्या खेळाला येऊ लागल्या. गनीशेटचा त्यात धंदा होता, हे मथुराबाईंना कळत नव्हतं असं नाही. पण धंद्याचा विचार होता म्हणून उपकार काही कमी होत नाही, असं त्या म्हणत. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना गनीशेटचं नाव त्या आजही घेत.

चौतीस वर्षं त्यांनी ती नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत एकही सिनेमा पुरता पाहिला नाही. ऐकले मात्र सगळे. एक लांब सुंभ सगळ्या झोळ्यांना जोडून त्या स्टुलावर बसत आणि हलकेच ओढत राहत. गाणं आलं की सुंभ गाण्याच्या चालीवर चाले. मारामारी आली की कोण दचकून उठेल हे त्यांना आधीच ठाऊक असे. आत रडू आवरेनासं झालं तर बायका पडवीत येऊन रडत, कारण सासू शेजारी बसलेली असे. कितीतरी जणी सिनेमासाठी रडत नसत, हेही मथुराबाईंना कळे. त्या पाण्याचा तांब्या पुढे करत आणि काही विचारत नसत.

*

"तू सभेला जायचंच नाहीस," संदेश म्हणाला.

तो एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. अडतिशीचा, कामाला वाघ, बोलायला तुटक. जेवायला बसला होता आणि कमळा, त्याची बायको, त्याला सोलकढी वाढत होती.

"शाल देनार हत मला," मथुराबाई म्हणाल्या.

"शाल मी आणतो. दोन आणतो. आये, पेपरात येईल ना ते! फोटोसकट. मनोहर टॉकीजच्या डोअरकीपर मथुराबाई अमुकतमुक. माझे सासरे मंडणगडात तो पेपर रोज चष्मा लावून वाचतात."

इथेच गाठ होती. चौदा वर्षांपूर्वी संदेशचं लग्न ठरताना त्याने परस्पर सांगून टाकलं होतं की आई कन्याशाळेत शिपाई आहे. मुलीकडची माणसं धार्मिक, जुन्या वळणाची. सिनेमा म्हटल्यावर सोयरीक मोडेल, ही त्याला भीती. मथुराबाईंनी त्यावर हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. व्याह्यांसमोर शाळेचा विषय निघाला की त्या पाणी आणायला उठत. चौदा वर्षं त्या पाणीच आणत होत्या.

"पडवी पाडतायत रे," त्या म्हणाल्या.

"पाडू देत. जांभ्याच्या चार भिंती. तुझं काय जातंय त्यात?"

मथुराबाईंनी कमळाकडे पाहिलं. कमळा भात वाढता वाढता म्हणाली, "मला काय, लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. मासे घेऊन शमीमचाची आल्या नि म्हणाल्या, सून आली काय गो आमच्या टाकीजवालीला."

संदेशचा घास हातात राहिला. "मग तू बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही एवढं मेहनतीने खोटं बोलला होतात. म्हटलं, कशाला वाया घालवा."

मथुराबाईंना हसू आलं, पण संदेशचं तोंड बघून त्यांनी ते पदराआड घेतलं. "नाय जानार," त्या म्हणाल्या. "जेव तू."

*

"नाय जानार म्हंजे?" शमीमने सुपलीतले बोंबील तसेच ठेवले. "मगे कोन सांगनार, मी? मना तर पडवीतल्या पडवीत बोलायला येतं, सभेत नाय."

राजिवड्यात खाडीला लागून शमीमचं घर. नवरा बोटीवरून निवृत्त होऊन आता दिवसभर रेडिओ लावून बसे. मुलगा अक्रम कुवेतला फोरमन. मथुराबाईंच्या आणि तिच्या मैत्रीला तेहेतीस वर्षं झाली होती आणि ती एका चुकीतून जडली होती.

एकोणसत्तर सालची गोष्ट. खेळ संपायला दहा मिनिटं असताना लाइट गेली. आत गोंधळ, पडवीत किट्ट काळोख. बायका घाईघाईने येऊन चाचपडत आपापल्या झोळीतलं पोर उचलून चालू पडल्या. शमीमने घरी जाऊन पोर सासूच्या मांडीवर ठेवलं. सासूने लंगोट सोडला आणि जी किंकाळी फोडली, ती पार खाडीपलीकडे गेली. 'पोरगा दिला होता तुझ्यासंगती, ही पोरगी कुठनं आनलीस?'

इकडे पडवीत पेठकिल्ल्याची विमला अक्रमला मांडीवर घेऊन रडत बसली होती. माझी चिमा गेली, माझी चिमा गेली. मथुराबाई तिला म्हणाल्या, "रडू नको. पोरगा सोडून पोरगी कोन ठेवून घेत नाय. आत्ता येतील बघ धावत." बोलायला त्या तशा बोलल्या, पण नजर दारावरच होती. तेवढ्यात भुकेने अक्रम पिसाळला. विमलाने क्षणभर विचार केला आणि त्याला पदराखाली घेतलं.

अर्ध्या तासात शमीम अनवाणी धावत आली. बुरखा अर्धा खांद्यावर, काखेत चिमा. अक्रम विमलाच्या दुधावर ढाराढूर निजला होता. शमीमच्या सासूने मग ठरवूनच टाकलं की दूध प्यायला म्हणजे नातं लागलं. चिमाची राखी अजून दर साली कुवेतला जाते.

त्या दिवसानंतर मथुराबाईंनी नियम केला. तिकीट फाडलं की एक तुकडा आईच्या हातात, दुसरा दोऱ्याने झोळीच्या गाठीला. नंबर जुळल्याशिवाय पोर उचलायचं नाही, आई पोराला नावाने हाक मारत असली तरी नाही. पुढच्या एकोणतीस वर्षांत एकही पोर बदललं नाही.

"मी संदेशला शबुद दिलाय," मथुराबाई म्हणाल्या.

"नि तो काशीराम सांगतो बत्त्या टांगायचे?" शमीमला हसू आवरेना. "या अल्ला! सोळा बत्त्या! बत्त्या मुतायच्या काय गो मथुरा? रोज फडकी कुनाची धुवायचीस मगे?" मग ती हसायची थांबली. "बग बाय. तुजा पोरगा तुज्या नोकरीला लाजतो, ते मना ठाव हाय. पन पडवी गेली ना, तर मगे खरं काय नि खोटं काय, दाखवायला काय उरनार नाय. कागदावर बत्त्याच ऱ्हातील."

मथुराबाई बोंबिलांची सुपली पुढे ओढून निवडू लागल्या.

*

रविवारी चार वाजता सभा भरली. मथुराबाई आल्या होत्या. शाल घेईन, नमस्कार करीन, तोंड उघडणार नाही, एवढ्या बोलीवर संदेशने सोडलं होतं, आणि लक्ष ठेवायला स्वतः मागच्या दाराशी उभा होता.

टॉकीजच्या खुर्च्या कधीच विकल्या गेल्या होत्या. मंडपवाल्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि पुढे, जिथे पडदा असायचा, तिथे फळ्यावर नकाशा लावला होता. उत्तरेच्या तुटक रेघा लाल शाईने ठळक केल्या होत्या. मथुराबाई पहिल्या रांगेत बसल्या. सगळं आयुष्य या भिंतीच्या पलीकडे काढलं आणि पुरुषांच्या बाजूने हा हॉल आपण आज पहिल्यांदा बघतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. किती मोठा होता! ऐकून वाटायचा त्यापेक्षा कितीतरी मोठा.

भागोजीशेट चांगलं बोलले. आपल्या गावाने पोट भरल्यावर मनासाठी काय काय केलं ते मुलांना दिसलं पाहिजे, असं म्हणाले. मथुराबाईंना ते मनापासून पटलं. मग सत्कार झाले. काशीरामचा झाला, पोस्टरं चिकटवणाऱ्याचा झाला, शेवटी त्यांचं नाव आलं. शाल, नारळ, टाळ्या. भागोजीशेटनी रीतीप्रमाणे माईक पुढे केला. "मावशी, दोन शब्द."

काशीरामने दोन शब्दांत आटोपलं होतं. त्यांनाही आटोपता आलं असतं. त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. संदेश मान हलवत होता, नको, नको. मग त्यांनी लाल रेघांकडे पाहिलं.

"ते हुक बत्त्यांचे नव्हते," त्या म्हणाल्या.

माईकमुळे आपलाच आवाज चहूकडून आला तशा त्या दचकल्या, पण थांबल्या नाहीत. "काशीराम चुकला, त्याचं काय नाय. त्याला आत येऊ दिलाच नव्हता कधी. ते हुक पोरांच्या झोळ्यांचे. आया आत सिनेमा बगायच्या, पोरं माझ्याजवळ. पयला हुक गनीशेटनी ठोकून घेतला तो माझ्या पोरासाठी. माझा संदेश. नवरा गेला, सासरनं हात झटकले, मी विधवा बाय, चार म्हयन्यांचं पोर घेऊन कुठं जानार होते? दुसरा मालक असता तर घालवून दिली असती. ह्यांनी हुक दिला. त्या एका हुकावर माझं पोर वाढलं, माझं पोट भरलं. म्हनून सांगते, बाकी काय नाय."

भागोजीशेट सावरून म्हणाले, "मावशी, भावना समजल्या. पण नकाशा तयार आहे, गाड्यांना जागा..."

"शेट, तुमच्या आई मंगळवारी यायच्या," मथुराबाई म्हणाल्या. "आठवा हुक. तुमाला मारामारी लागली की हसू यायचं. गाणं लागलं की रडायचात. इथं बसलेले निम्मे लोक मी निजवलेत. नावं घेऊ?"

"नको, नको," भागोजीशेट घाईने म्हणाले, आणि सगळा हॉल हसला.

मागे बायकांच्या खुर्च्यांतून शमीम उभी राहिली. मना सभेत बोलायला येत नाही, असं आधी सांगून तिने जे सुरू केलं ते थांबेचना. लाइट कशी गेली, सासू कशी किंचाळली, अक्रम कसा विमलाच्या मांडीवर. "बत्त्या असत्या ना शेट," ती शेवटी म्हणाली, "तर मी दुसऱ्याचा पोर उचलून नेला असता काय?"

लोक पोट धरून हसत होते. काशीराम सर्वांत जास्त हसत होता. तो उठला, मथुराबाईंकडे बघून कान पकडले आणि परत बसला. ईशा मात्र हसत नव्हती. ती फळ्यापाशी गेली होती.

"मी तेव्हाच विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "बत्ती टांगून लोखंड आतून असं झिजत नाही. ते हलणाऱ्या दोराने झिजलंय. मला दोन आठवडे द्या. मी नकाशा पुन्हा काढते."

भागोजीशेटनी मंडळींकडे पाहिलं. कुणी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची म्हणजे मथुराबाई हुकाचा नंबर सांगतील, ही धास्ती असावी.

मथुराबाईंनी पुन्हा मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे संदेश नव्हता.

*

तीन दिवस तो आईशी बोलला नाही. जेवला, कामावर गेला, आला. चौथ्या दिवशी पेपरात आलं, फोटोसकट. दुपारी मंडणगडहून व्याह्यांचा फोन आला तो कमळाने घेतला. मथुराबाई माजघरात बसून ऐकत होत्या. त्यांना नुसतं "हो बाबा", "नाही बाबा" एवढंच कळत होतं.

कमळा आत आली. "बाबा म्हणाले, शाळेतल्या विहीणबाई टाकीजमध्ये कशा गेल्या?"

"मगे?"

"मी सांगितलं, टाकीजमध्येच होत्या पहिल्यापासून. मग म्हणाले, आमची आईदेखील गावाहून रत्नागिरीला बहिणीकडे आली की तिथे जायची. धाकट्याला झोळीत ठेवायची म्हणून सांगायची. आम्हांला थापा वाटायच्या."

धाकटा म्हणजे कोण, कुठला वार, किती अंगाचा, हे आठवायचा मथुराबाई प्रयत्न करत राहिल्या. आठवलं नाही. इतकी पोरं निजवली होती.

दोन आठवड्यांनी ईशाचा निरोप आला. नवा नकाशा झाला होता. गाड्यांसाठी पडवीचा रस्त्याकडचा तुकडा द्यावाच लागणार होता, पाच हुकांएवढा. बाकीची पडवी राहणार होती आणि तिथे झोळ्या टांगून दाखवायच्या होत्या. त्यासाठी मापं हवी होती.

"पाच जातायत, आजी. मला फार वाईट वाटतंय," ईशा म्हणाली.

"अकरा ऱ्हातायत की गो बाय," मथुराबाई म्हणाल्या. "मी तर एकावर सुरवात केली होती." त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. एवढ्याशा मुलीने आपला नकाशा आपण खोडला, हे त्यांना मोठं वाटत होतं.

संदेशने त्यांना स्कूटरवरून आणून सोडलं होतं. येताना वाटेत तो एकदाच बोलला होता, "पदर नीट घे, चाकात जाईल." वर्कशॉपच्या कपड्यांतच होता. तो बाहेर थांबला असेल, नाहीतर गेलाही असेल, असं त्यांनी धरलं होतं. दारावरचा पडदा जाऊन वर्षं झाली होती, तरी तो दाराबाहेरच उभा राहिला होता. मग खाकरला आणि आत आला.

"पहिला कुठला?" त्याने विचारलं.

मथुराबाईंनी कोपऱ्यातला हुक दाखवला. तो त्याच्याखाली जाऊन उभा राहिला आणि वर बघत राहिला. कोपऱ्यात छप्पर खाली उतरलेलं होतं, आता तिथे त्याचं डोकं हुकाच्या जवळजवळ जाऊन लागत होतं.

"झोळी जमिनीपासून किती उंचीवर असायची, आजी?" ईशाने टेप काढला. "नकाशात आकडा लिहावा लागेल."

"आकडा नाय ठाव," मथुराबाई म्हणाल्या. "स्टुलावर बसल्यावर माझ्या हाताला येईल इतकी."

स्टूल नव्हतं. शिडीची दुसरी पायरी स्टुलाएवढ्या उंचीची होती, तिच्यावर त्या बसल्या. क्षणभर डोळे मिटले, मग हात बाजूला काढून तळवा अंतराळी धरला, खालून आधार दिल्यासारखा.

"हलू नका हं," ईशा म्हणाली. तिने टेपचं एक टोक त्यांच्या तळव्याखाली धरलं. दुसरं टोक फरशीपर्यंत सोडायचं होतं, ते वाऱ्याने हलत होतं. संदेश पुढे आला, फरशीवर गुडघा टेकून वाकला आणि ते टोक आईच्या पायाशी बोटाने दाबून धरलं.

"किती?" त्याने खालूनच विचारलं.

"दोन फूट, सात इंच."

ईशा वहीत लिहू लागली. तिचं लिहून होईपर्यंत मथुराबाईंनी हात तसाच धरून ठेवला.